सर्व्हर सोलापुरात, डेपो पुण्यात: दूरच्या शाखेतून डेटाबेस वेगाने चालवण्याची टप्प्याटप्प्याची पद्धत

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेलचा कारखाना, तिथेच ऑफिसच्या कोपऱ्यात ठेवलेला सर्व्हर, चाटी गल्लीत विक्रीचे दुकान आणि पुण्यात मालाचा डेपो, अशी मांडणी सोलापुरात अनेकांची आहे. कारखान्यात बिलाचा स्क्रीन डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उघडतो; डेपोत तोच स्क्रीन उघडेपर्यंत गाडीवाला गेटवर हॉर्न वाजवत उभा असतो. अशा वेळी मालक पहिला फोन इंटरनेट कंपनीला करतात, ५० एमबीपीएसचा प्लॅन २०० एमबीपीएसचा होतो आणि स्क्रीन उघडायला पूर्वीइतकाच वेळ लागत राहतो. त्यानंतर नवा राउटर येतो, त्यानंतर नवा सर्व्हर. बहुतेक ठिकाणी उपाय चुकलेले नसतात, त्यांचा क्रम चुकलेला असतो. म्हणून हा लेख क्रमाला धरून लिहिला आहे. कृपया टप्पे गाळू नयेत.

## आधी एकच गोष्ट समजून घ्यावी: हेलपाटे

एखाद्या सरकारी कामासाठी तालुक्याला जाताना सगळी कागदपत्रे एकदम नेली, तर एका खेपेत काम होते. एकेक कागद नेत राहिलो, तर रस्ता कितीही रुंद असला तरी दहा हेलपाटे पडतात. डेटाबेसचेही तसेच आहे. सॉफ्टवेअर सर्व्हरला एक प्रश्न विचारते, उत्तर येईपर्यंत थांबते आणि मगच पुढचा प्रश्न विचारते. एका जाण्या-येण्याला लागणाऱ्या वेळेला लेटन्सी म्हणतात. कारखान्यातल्या केबलवर ती एक मिलिसेकंदापेक्षाही कमी असते, त्यामुळे चारशे प्रश्न विचारले गेले तरी कोणाच्या लक्षात येत नाही. तीच लेटन्सी २८ मिलिसेकंद झाली की चारशे प्रश्नांना अकरा सेकंद लागतात. एमबीपीएस ही रस्त्याची रुंदी आहे. तिने एका खेपेत जास्त माल जातो, पण खेपेचे अंतर कमी होत नाही.

हे अंतर पूर्णपणे घालवताही येत नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे सोलापूर ते पुणे हे साधारण २५० किलोमीटर जाऊन परत येण्यास निदान अडीच मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात आकडा याच्या कितीतरी पट भरतो, कारण दोन टोकांना वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्शन असेल तर पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, सरळ रस्त्याने न जाता मोठ्या शहरातल्या जोडणीकेंद्राला वळसा घालून जाऊ शकते.

## टप्पा १: तयारी

१. डेटाबेसचा संपूर्ण बॅकअप घ्यावा आणि तो दुसऱ्या संगणकावर उतरवून, कालच्या तारखेचे एखादे बिल त्यात उघडून पाहावे. उतरवून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबून पुढे जाऊ नये.

२. सॉफ्टवेअर कोणत्या प्रकारचे आहे ते निश्चित करावे. डेटा एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस किंवा ओरॅकल अशा डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये असेल, तर सर्व्हर स्वतः शोध घेऊन फक्त उत्तर पाठवतो. डेटा एखाद्या शेअर केलेल्या फोल्डरमधील फाइलमध्ये असेल, उदाहरणार्थ अ‍ॅक्सेसची फाइल, तर शोधण्याचे काम डेपोतील संगणक करतो आणि त्यासाठी फाइलचे तुकडे रस्त्यावरून ओढत राहतो. या दोन प्रकारांचे पुढचे मार्ग अगदी निराळे आहेत.

३. सॉफ्टवेअरचा मूळ कोड आपल्या हातात आहे का, विक्रेता त्यात बदल करून देतो का, हे आत्ताच विचारून ठेवावे. उत्तर नकारार्थी असेल तर सहावा टप्पा जवळजवळ बंद होतो आणि चौथा अधिक महत्त्वाचा ठरतो.

४. कामाचे दिवस ठरवावेत. जीएसटीच्या विवरणपत्रांपैकी जीएसटीआर-१ ची मासिक मुदत ११ तारखेला आणि जीएसटीआर-३बी ची २० तारखेला असते. त्यांच्या आधीच्या तीन-चार दिवसांत कोणताही बदल करू नये. दिवाळीपूर्वी टॉवेल-चादरींची रवानगी जोरात असते, तेव्हाही नाही.

५. एक साधी वही ठेवावी. तारीख, बदल, बदलापूर्वीचा आकडा, नंतरचा आकडा, असे चार रकाने पुरेत.

## टप्पा २: मोजमाप

«फार स्लो चालतंय» ही तक्रार आहे, मोजमाप नव्हे. डेपोतील कर्मचाऱ्यांना विचारून रोजची पाच कामे निवडावीत: लॉगिन, जुने बिल उघडणे, नवे बिल जतन करणे, स्टॉक पाहणे आणि महिन्याचा विक्री अहवाल. ही पाचही कामे मोबाइलच्या स्टॉपवॉचवर कारखान्यात आणि डेपोत प्रत्येकी तीन वेळा मोजावीत. पहिल्या खेपेला सर्व्हर डिस्कवरून डेटा उचलतो आणि पुढच्या वेळी तो मेमरीत तयार असतो, म्हणून पहिला आकडा वेगळा लिहावा.

त्यानंतर रस्ता मोजावा. डेपोतून, व्हीपीएन (इंटरनेटवरून दोन ठिकाणे जोडणारा खासगी, सुरक्षित मार्ग) चालू असताना, सर्व्हरच्या आतल्या पत्त्यावर निदान शंभर पिंग (जाण्या-येण्याचा वेळ मोजणारे छोटे संदेश) पाठवून किमान, सरासरी, कमाल आणि हरवलेली पॅकेट लिहावीत. ही मोजणी सकाळी डेपो उघडताना एकदा आणि सायंकाळी गर्दीच्या वेळी एकदा करावी. मग कारखान्यातून एखादी मोठी फाइल बाहेर पाठवणे सुरू करून पुन्हा पिंग पाहावे. २८ चा आकडा अशा वेळी ३०० वर जात असेल, तर पॅकेट राउटरच्या रांगेत अडकत आहेत. त्याचा उपाय पाचव्या टप्प्यात आहे.

शेवटी आयपरफ या मोफत साधनाने दोन्ही दिशांचा वेग मोजावा.

नेहमीची चूक: डेपोत बसून संकेतस्थळावर डाउनलोडचा वेग पाहणे. डेपोला मिळणारा डेटा कारखान्याच्या अपलोडमधून बाहेर पडतो. डेपोत २०० एमबीपीएस असले आणि कारखान्याच्या कनेक्शनचे अपलोड १० असले, तर डेपोला १० पेक्षा जास्त मिळणे शक्यच नाही. मोठा प्लॅन घ्यायचाच असेल तर तो कोणत्या टोकाला आणि कोणत्या दिशेचा, हे आधी पाहावे.

पडताळणी: वहीत पाच कामांचे दोन्ही ठिकाणचे वेळ, लेटन्सीचे दोन्ही वेळचे आकडे आणि दोन्ही दिशांचा वेग लिहिलेला असल्याशिवाय पुढे जाऊ नये.

## टप्पा ३: दुखणे कोणते ते ओळखणे

इथे भागाकाराने काम होते. डेपोतील वेळेतून कारखान्यातील वेळ वजा करावा आणि उरलेल्या वेळेला लेटन्सीने भागावे. उत्तर म्हणजे त्या कामासाठी पडणाऱ्या हेलपाट्यांचा ढोबळ अंदाज.

मी पाहिलेल्या एका कारखान्यात जुने बिल उघडायला सोलापुरात एक सेकंद आणि पुण्यात तेरा सेकंद लागत होते. फरक बारा सेकंदांचा, लेटन्सी २८ मिलिसेकंद, म्हणजे सुमारे ४२८ हेलपाटे. आकडा मोठा वाटला म्हणून सर्व्हरवर येणाऱ्या प्रश्नांची नोंद दोन मिनिटांसाठी चालू केली आणि ते बिल पुन्हा उघडले. बिलात ३८ ओळी होत्या. प्रत्येक ओळीसाठी सॉफ्टवेअर मालाचे नाव एका प्रश्नात विचारत होते, साइज दुसऱ्यात, रंग तिसऱ्यात, मग एचएसएन कोड, जीएसटीचा दर, शिल्लक, मागचा भाव, पार्टीची सूट, असे ओळीमागे अकरा प्रश्न. ३८ गुणिले ११ म्हणजे ४१८, आणि वरचे दहा बिलाच्या मथळ्याचे. एकाच टॉवेलचे तीन रंग तीन ओळींत असले तरी त्याचा जीएसटीचा दर तीन वेळा विचारला जात होता. प्लॅन चौपट करूनही तेरा सेकंदांतला एकही सेकंद का हलला नव्हता, ते या यादीतून मालकांना कागदावर दाखवता आले.

भागाकाराचे उत्तर शेकड्यांत आले तर दुखणे हेलपाट्यांचे आहे. ते लहान आले, पण काम संपेपर्यंत सर्व्हरच्या बाजूचे अपलोड काठोकाठ भरलेले दिसत असेल, तर दुखणे डेटाच्या आकाराचे आहे. १८० एमबीचा अहवाल ८ एमबीपीएसवरून यायला तीन मिनिटे लागणारच. कारखान्यातही ते काम हळूच होत असेल, तर रस्त्याचा दोष नाही. इंडेक्स (डेटा पटकन शोधण्यासाठीची सूची), डिस्क किंवा मेमरी पाहावी आणि हा लेख नंतर वाचावा.

एसक्यूएल सर्व्हर वापरणाऱ्यांना, सर्व्हर कशासाठी थांबतो आहे ते दाखवणाऱ्या प्रतीक्षेच्या यादीत ‘एसिंक नेटवर्क आयओ’ हा प्रकार सर्वांत वर दिसला, तर त्यांनी त्याचा अर्थ नीट घ्यावा. नाव नेटवर्कचे असले तरी सर्व्हरने ओळी तयार ठेवल्या आहेत आणि समोरचा संगणक त्या पुरेशा वेगाने उचलत नाही, असे तो सांगतो. पुष्कळदा कारण एवढेच असते की सॉफ्टवेअर एकेक ओळ घेऊन तिच्यावर काम करत बसते.

सावधान: प्रश्नांची नोंद काम होताच बंद करावी. ती चालू राहिली तर डिस्क भरते आणि सगळेच मंदावते.

## टप्पा ४: सॉफ्टवेअर कोठे चालवायचे हे ठरवणे

हा संपूर्ण लेखातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे.

डेटा शेअर केलेल्या फाइलमध्ये असेल, तर ती फाइल व्हीपीएनवरून डेपोतून थेट उघडू नये. वेग हे कारण दुय्यम आहे. लिहिणे चालू असताना कनेक्शन क्षणभर तुटले तर फाइल अर्धवट लिहिली जाते आणि खराब होते. मग कारखाना आणि डेपो दोन्हीकडचे काम बंद पडते.

डेपोत दोन ते सहा जण काम करत असतील आणि कोड आपल्या हातात नसेल, तर माझ्या मते रिमोट डेस्कटॉप हाच पहिला उपाय आहे. यात सॉफ्टवेअर सर्व्हरच्या शेजारीच चालते. ते ४२८ हेलपाटे कारखान्याच्या आतच होतात आणि पुण्याला फक्त स्क्रीनचे चित्र जाते. मात्र मांडणी पुढील क्रमाने करावी.

१. डेटाबेसच्या सर्व्हरवरच सगळ्यांना लॉगिन देऊ नये. शक्य असल्यास त्याच स्विचला जोडलेले दुसरे मशीन घ्यावे, नाहीतर एखाद्याच्या उघड्या ब्राउझरमुळे डेटाबेसची मेमरी संपते.

२. परवान्याचा खर्च आधीच धरावा. विंडोज सर्व्हरवर देखभालीसाठी दोनच लॉगिन एकावेळी चालतात. रोजच्या कामासाठी प्रत्येक वापरकर्त्यामागे वेगळा परवाना लागतो. विंडोज प्रो वर एकाचवेळी अनेकांना बसवणारी फाइल कोणी टाकून देत असेल तर नकार द्यावा. ती परवान्याच्या अटी मोडते आणि विंडोजच्या अपडेटनंतर बंद पडू शकते.

३. मेमरीचा अंदाज अंगठ्याच्या नियमाने न लावता एका व्यक्तीला दिवसभर काम करू द्यावे, सायंकाळी तिच्या सत्राने किती मेमरी घेतली ते पाहावे आणि माणसांच्या संख्येने गुणावे.

४. डेपोतील प्रिंटरवर तेथून बिल निघते का, हे पहिल्याच दिवशी तपासावे. सगळे सुरळीत होऊनही याच एका कारणाने कर्मचारी जुन्या पद्धतीकडे वळलेले मी पाहिले आहेत. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असेल तर त्याचा ड्रायव्हर सर्व्हरवरही बसवावा आणि तीन प्रतींचे कागद लावून खरे बिल छापून पाहावे.

५. पार्ट्यांची नावे मराठीत टाइप होत असतील तर मराठी कीबोर्ड आणि फॉन्ट दूरच्या मशीनवरही बसवावेत.

६. कनेक्शन तुटले तर सत्र काही तास जिवंत ठेवावे, म्हणजे डेपोतील वीज गेली तरी अर्धे भरलेले बिल तसेच सापडते. रात्री मात्र सगळी सत्रे बंद होतील अशी व्यवस्था करावी.

सावधान: रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ किंवा एसक्यूएल सर्व्हरचे १४३३ हे पोर्ट (सर्व्हरवर त्या सेवेत शिरण्याचा क्रमांकित दरवाजा) राउटरवरून थेट इंटरनेटला उघडू नये. पोर्टचा क्रमांक बदलणे हे संरक्षण नव्हे. व्हीपीएनच्या आतूनच प्रवेश द्यावा. स्थिर आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) घेताना कनेक्शन कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे नाही ना, तेही विचारावे. तसे असेल तर बाहेरून व्हीपीएन थेट जोडता येत नाही.

## टप्पा ५: रस्ता दुरुस्त करणे

सॉफ्टवेअरची जागा ठरल्यानंतरच रस्त्याला हात घालावा.

व्हीपीएन. ओपनव्हीपीएन हे सॉफ्टवेअर असेल तर ते यूडीपीवर चालवावे, म्हणजे पॅकेट पोचले का याची चौकशी न करता पाठवण्याच्या पद्धतीवर. टीसीपीवर चालवल्यास आतला आणि बाहेरचा असे दोन्ही थर हरवलेले पॅकेट स्वतंत्रपणे पुन्हा पाठवू लागतात आणि थोड्याशा गळतीनेही वेग कोसळतो.

पॅकेटचा आकार. लॉगिन होते, लहान स्क्रीन उघडतात, पण मोठा अहवाल अर्ध्यावर गोठतो, हे लक्षण दिसले की पॅकेटच्या आकारावर संशय घ्यावा. साध्या केबलवर १५०० बाइटची मर्यादा असते, पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्ड देऊन जोडल्या जाणाऱ्या) कनेक्शनवर १४९२, आणि व्हीपीएनचे वेष्टण त्यातूनच जागा घेते. वायरगार्ड हे व्हीपीएन सॉफ्टवेअर त्यासाठीच साधारणपणे १४२० धरते. पिंगला ‘तुकडे करू नयेत’ अशी सूचना देऊन आकार कमी करत जावे आणि जो सर्वांत मोठा आकार पार होतो त्यात शीर्षकांचे २८ बाइट मिळवावेत. आलेला आकडा व्हीपीएनच्या जोडणीवर नोंदवावा आणि राउटरवर एमएसएस (एका पॅकेटमध्ये भरता येणाऱ्या डेटाचा कमाल आकार) त्याप्रमाणे मर्यादित करावा.

रांग. कारखान्यातील सीसीटीव्हीचे चित्रण आणि क्लाउडवर जाणारा बॅकअप दिवसभर अपलोड खात असतात. बॅकअप रात्रीवर टाकावा, कॅमेऱ्यांना मर्यादा घालावी आणि राउटरमध्ये रांगेचे नियोजन असल्यास प्रत्यक्ष मोजलेल्या अपलोडच्या सुमारे ९० टक्क्यांवर ते लावावे. एवढ्याने रांग कंपनीच्या यंत्रात न साचता आपल्या ताब्यात राहते.

जेवणानंतरची तक्रार. «जेवून आलो की कनेक्शन गेलेले असते» असे कर्मचारी सांगत असतील, तर मधला एखादा राउटर शांत पडलेले कनेक्शन विसरतो आहे. विंडोज आणि लिनक्स दोन्ही असे कनेक्शन जिवंत आहे का ते डीफॉल्टने दोन तासांनी तपासतात. ही वेळ काही मिनिटांवर आणावी.

नाव आणि पोर्ट. एसक्यूएल सर्व्हरला वेगळ्या नावाचा इन्स्टन्स (त्याच मशीनवर स्वतंत्र चालणारी प्रत) असेल तर पोर्ट शोधण्यासाठी आधी १४३४ वर विचारणा होते. पोर्ट निश्चित करून तो जोडणीच्या ओळीत लिहावा. प्रत्येक नव्या जोडणीचा एक अडथळा वाचतो.

विंडोजमधील टीसीपीचे स्वयंचलित समायोजन (एका वेळी किती डेटा रस्त्यावर राहू द्यायचा हे आपोआप ठरवणारी सोय) बंद करा, असा सल्ला अजूनही फिरतो. तो पाळू नये. समायोजन नसेल तर एका वेळी ६४ किलोबाइटच रस्त्यावर राहतात आणि २८ मिलिसेकंद लेटन्सीवर एका जोडणीचा वेग साडेअठरा एमबीपीएसच्या आसपास अडतो, मग प्लॅन काहीही असो.

## टप्पा ६: कोड हातात असेल तर हेलपाटेच कमी करणे

ज्यांना कोड बदलता येतो त्यांच्यासाठी खरा उपाय हाच आहे. बिलाच्या ओळी आणि त्यांची सर्व माहिती जोडून एकाच प्रश्नात मागवावी. वरच्या उदाहरणातील ४१८ प्रश्नांचा तिथे एक प्रश्न होतो. गाळणी सर्व्हरवर लावावी, सगळे बिल आणून डेपोत चाळू नये. लागतील तेवढेच रकाने मागवावेत, विशेषतः मालाची छायाचित्रे त्याच टेबलात असतील तर. जीएसटीचे दर, साइज, रंग अशा क्वचित बदलणाऱ्या याद्या सकाळी एकदा आणून संगणकावरच ठेवाव्यात. मात्र शिल्लक माल आणि उधारीची मर्यादा कधीही अशी साठवून ठेवू नये.

एका खेपेत किती ओळी येतात तेही पाहावे. ओरॅकलचा जावा ड्रायव्हर (सॉफ्टवेअरला डेटाबेसशी जोडणारा दुवा) डीफॉल्टने दहा-दहा ओळी आणतो. दहा हजार ओळींच्या अहवालाला हजार खेपा पडतात, म्हणजे २८ मिलिसेकंदांवर २८ सेकंद. आकडा ५०० केला तर वीस खेपा, जेमतेम अर्धा सेकंद. पोस्टग्रेसचा जावा ड्रायव्हर उलट सगळ्या ओळी एकदम मेमरीत ओढतो, तिथे आकडा ठरवून देणे मेमरीसाठी गरजेचे असते. जोडण्या दर वेळी नव्याने उघडू नयेत. हस्तांदोलन, सुरक्षेची बोलणी आणि पासवर्ड यांतच कित्येक हेलपाटे जातात, म्हणून एकदा उघडलेल्या जोडण्यांचा साठा ठेवावा.

सावधान: डेटाबेसमधील व्यवहार (एकत्र जतन होणाऱ्या बदलांचा गट) सुरू करून वापरकर्त्याच्या उत्तराची वाट पाहू नये. पुण्यातील माणूस «जतन करायचे का?» या खिडकीसमोर चहा घेत असेल, तर त्याने अडवलेल्या ओळींमुळे सोलापुरातील बिलेही खोळंबतात.

पडताळणी: लिनक्सवरील नेटएम किंवा विंडोजवरील क्लमझी या साधनाने कार्यालयातच ३० मिलिसेकंदांचा कृत्रिम उशीर लावून चाचणी घ्यावी. कोड लिहिणाऱ्यांनी पुण्याचा अनुभव स्वतःच्या टेबलावर घेतल्याशिवाय नवी आवृत्ती पाठवू नये, असा नियम करण्यासारखा आहे.

## टप्पा ७: अहवाल वेगळे करणे

मोठे अहवाल सर्व्हरजवळच तयार करून पीडीएफ किंवा एक्सेल फाइल पाठवावी. १८० एमबी कच्च्या डेटाऐवजी तयार फाइल जाते, ती सहसा त्याच्या लहानशा हिश्श्याएवढी असते. डेपोत डेटाबेसची फक्त वाचण्यापुरती प्रत ठेवणेही शक्य आहे. दोन्हीकडे लिहिता येणारी प्रत मात्र लहान व्यवसायाने टाळावी. कनेक्शन तुटलेले असताना शेवटचे शंभर टॉवेल दोन्हीकडून विकले गेले, तर कोणते बिल खरे, हे डेटाबेस सांगू शकत नाही.

## टप्पा ८: बदल लागू करणे

एका वेळी एकच बदल, आधी एकाच संगणकावर, निदान दोन कामाचे दिवस. मग तीच पाच कामे पुन्हा मोजून वहीत लिहावीत. आकडा सुधारला नाही तर बदल मागे घ्यावा. «असू दे, नुकसान तर नाही» म्हणून ठेवलेले पाच बदल पुढच्या बिघाडात पाच संशयित होतात. जुन्या पद्धतीचा शॉर्टकट डेपोतील संगणकांवर महिनाभर राहू द्यावा, पण तो डेटाची फाइल थेट उघडणारा असेल तर त्याच दिवशी काढावा.

त्या कारखान्यात रिमोट डेस्कटॉपनंतर बिल उघडायला डेपोतही सव्वा सेकंद लागू लागला, आणि प्लॅन पुन्हा ५० एमबीपीएसवर आणला. पुढे चार महिन्यांनी एके दिवशी टाइप केलेली अक्षरे उशिरा उमटू लागली. वहीतील जुना आकडा २८ होता आणि पिंग ६१ दाखवत होता. पॅकेटचा मार्ग बदलला होता. दोन्ही तारखांचे आकडे समोर ठेवून कंपनीकडे तक्रार नोंदवली, म्हणून सर्व्हर उघडून पाहण्यात कोणाचा दिवस गेला नाही. दर तीन महिन्यांनी पिंगची मोजणी त्याच वहीत, त्याच वेळी करून ठेवावी.